प्रश्न तुमचे, गप्पा आपल्या : कनकेश्वरचा डोंगर

मागच्या अंकात कनकेश्वरबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि मेलचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण जे प्रश्न परत परत आलेत ते घेतलेत. कोणाचं नाव छापलेलं नाही, फक्त गाव दिलंय. ज्यांना डोंगर माहीतच नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की अलिबागच्या उत्तरेला, साधारण बारा-तेरा किलोमीटरवर मापगाव आहे, त्या मापगावच्या डोक्यावर हा डोंगर, आणि वर कनकेश्वराचं, म्हणजे शंकराचं देऊळ. उंची बाराशे फुटांच्या आसपास, म्हणजे सह्याद्रीच्या हिशेबात काहीच नाही, पण समुद्र इतका जवळ आहे की तो उभाच्या उभा वाटतो. माझं आजोळ याच पायथ्याला, त्यामुळे उत्तरं जरा लांबली तर सांभाळून घ्या.

ताई, आईला कनकेश्वरला घेऊन जायचंय, ती ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात पण हट्टाला पेटलीये. किती पायऱ्या आहेत? रोरोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) यायचा विचार आहे. – डोंबिवली

पायऱ्या साडेसातशेच्या घरात आहेत, नेमका आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो कारण मध्ये मध्ये सपाट फरसबंदी लागते आणि ती कोणी पायरी धरतं कोणी धरत नाही. धडधाकट माणूस पाऊण ते एक तासात वर जातो. पण आईंना घेऊन जाताय तर घड्याळ घरीच ठेवा. पायऱ्यांचा आकडाही त्यांना सांगू नका, टप्पे सांगा. आमच्याकडे कोणी "कितवी पायरी?" असं विचारत नाही, "कुठवर आलात?" असं विचारतात, आणि उत्तर असतं नागोबाच्या टप्प्यावर, जांभळीच्या टप्प्यावर, पालेश्वराजवळ, देवाच्या पायरीशी. चढ कसा तोडायचा याचा विचार दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच कोणीतरी करून ठेवलाय आणि तो आजही तसाच्या तसा उपयोगी पडतो. सुरुवातीला मोहनगिरी आणि बालगिरी या साधूंच्या समाध्या लागतात तिथे पाच मिनिटं टेका, मग नागोबाचा टप्पा, मग जांभळीचा, दम लागायच्या आधीच बसायचं, दम लागल्यावर नाही, ही माझ्या आजीची युक्ती, ती सत्तरीतही चढायची.

पालेश्वराला मात्र नुसतं पुढे जाऊ नका. नावच पालेश्वर, त्याला हार नाही फूल नाही, पाला वाहायचा. वाटेवर हाताला लागेल ते पान, तेही ओरबाडून नाही, खाली पडलेलं स्वच्छ बघून घ्यायचं असं आम्हाला लहानपणी बजावलेलं होतं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडेही पान असतंच ना. मला हा देव या सगळ्या डोंगरात सगळ्यात जास्त आवडतो.

रोरो भाऊच्या धक्क्यावरून सुटते, मांडव्याला उतरते, गाडी असेल तर पुढे अर्ध्या-पाऊण तासात मापगाव. गाडी नसेल तर मांडव्याहून रिक्षा करा. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात हे लक्षात ठेवा. पहाटे लवकर चढायला लागा, नऊच्या आत वर पोचायचं बघा, कारण झाडी असली तरी इथली हवा दमट, समुद्राकाठची, दहानंतर घामाच्या धारा लागतात. आणि गुडघ्यांचा खरा प्रश्न उतरताना येतो, चढताना नाही, तेव्हा काठी न्याच. डोलीची सोय त्या दिवशी आहे का ते पायथ्याशी आधी विचारून घ्या, ऐन श्रावणी सोमवारी मिळेलच असं धरून चालू नका.

मॅडम मी बारावीत आहे, कॉलेजला स्थानिक वारसा यावर प्रोजेक्ट आहे. कनकेश्वरचा इतिहास काय लिहू? नेटवर सगळीकडे राक्षसाचीच गोष्ट आहे. – पेण

अरे गोष्टही लिही आणि इतिहासही लिही, फक्त दोन वेगळ्या पानांवर लिही. गोष्ट अशी की कनकासुर नावाचा असुर इथे तप करत होता, शंकराशी त्याची लढाई झाली, देव त्याच्या पराक्रमावर खूश झाला आणि म्हणाला वर माग, तर याने राज्य नाही मागितलं की अमरपण नाही मागितलं, म्हणाला तू इथेच राहा आणि तुझ्या नावाआधी माझं नाव लाव. म्हणून कनकेश्वर. हरलेल्याचं नाव आधी आणि जिंकलेल्याचं नंतर, हे लिहायला विसरू नकोस.

आता इतिहासाचं पान. पायऱ्या १७६४ सालच्या, राघोजी आंग्र्यांच्या काळातल्या. आंग्रे म्हटलं की आपल्याला गलबतं, तोफा, कान्होजी एवढंच आठवतं, कान्होजींचं निधन १७२९ चं, समाधी अलिबागमध्येच आहे, ती बघून ये. पण त्या घराण्याने किनाऱ्यावर राज्य करताना तळी बांधली, देवळं सांभाळली, वाटा बांधल्या, त्यावर फार कोणी बोलत नाही. ही पायऱ्यांची वाट त्यातलीच. कोकणात दगडांनी बांधलेल्या अशा चढणीच्या वाटेला पाखाडी म्हणतात, तो शब्द प्रोजेक्टमध्ये वापर. वर देवळासमोर दगडी बांधणीची मोठी पुष्करणी, म्हणजे तळं आहे. लंबोदरानंद स्वामींनी स्थापन केलेला रामसिद्धिविनायक आहे तोही बघ, नुसता शंकराचा फोटो काढून परत येऊ नकोस.

आणि एक काम कर, हे नेटवर मिळणार नाही. एखादी पायरी निवडून तिथे बस आणि दगड बघ. मध्यभागी तो गुळगुळीत झालेला आहे आणि कडेला अजून टाकीचे घाव दिसतात. मधला भाग पायांनी घासला गेलाय, अडीचशे वर्षांच्या पायांनी. त्याचं चित्र काढ, फोटोपेक्षा चित्रात जास्त कळेल कारण तुला दगडाकडे नीट बघावं लागेल.

वरून समुद्रात दोन बेटं दिसली, ती कोणती? एकाने सांगितलं कुलाबा किल्ला, दुसऱ्याने जंजिरा! – पुणे

दोन्ही चूक. जंजिरा खाली मुरुडला, आणि कुलाबा किल्ला अलिबागच्या चौपाटीसमोर, इतका जवळ की ओहोटीला चालत जाता येतं. तुम्हाला दिसली ती थळच्या समोरची खांदेरी आणि उंदेरी. मोठी आणि लांबची ती खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे तट बांधायला काढला तेव्हा मुंबईकर इंग्रजांचं धाबं दणाणलं, कारण हे बेट म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडावर ठेवलेला पहारेकरी. महाराजांच्या आरमारातला मायनाक भंडारी बेटावर ठाण मांडून होता, दौलतखान आरमार घेऊन, ऐन पावसाळा सरत असताना माणसं, दगड, दारूगोळा होड्यांनी पोचवत होते आणि इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याअभावी नुसती डोलत बसायची, आपली छोटी गलबतं मात्र वल्ह्यांवर सटकायची. इंग्रजांना बांधकाम थांबवता आलं नाही. मग १६८० च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली, आणि पुढे कितीतरी वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली होती. खांदेरीवर १८६७ चं दीपगृह आहे आणि कोळ्यांचा वेताळ आहे, कोळी बांधव त्याला फार मानतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी आहे, म्हणजे तुम्ही पायऱ्या चढून जागतिक वारसा बघून आलात आणि तुम्हाला तो जंजिरा म्हणून सांगितला, वाईट याचंच वाटतं. वर एक साधा दगडी फलक हवा, कोणत्या दिशेला काय दिसतं एवढाच.

आता दुसरी गोष्ट. सगळे समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात. जरा पाठ फिरवा. पूर्वेला धरमतरची खाडी दिसते, तिच्या कडेने खारजमिनी पसरलेल्या, बांध घालून समुद्राकडून सोडवून घेतलेल्या. त्याच बाजूला जरा दक्षिणेकडे, पोयनाडच्या पट्ट्यात चरी गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे शेतकऱ्यांची सभा झाली आणि खोतांची, म्हणजे गावच्या जमीनदारांची जमीन कसायची नाही असं ठरलं. नारायण नागू पाटील पुढारी. हा संप एक-दोन महिने नाही, जवळजवळ सहा वर्षं चालला, पंचवीसेक गावांतला. पिकती जमीन ओसाड टाकायची आणि पोरांना काय घालायचं याचं उत्तर रोज शोधायचं, हे करायला काय काळीज लागत असेल विचार करा. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, पुढे कूळकायदा आला त्याच्या मुळाशी ही माणसं आहेत. एका बाजूला खांदेरी आणि दुसऱ्या बाजूला चरी, एकाच जागी उभं राहून मान वळवायची फक्त. मला तर दोन्ही लढाया सारख्याच मोठ्या वाटतात.

आणि हो, दर्यावर असलेल्यांना हा डोंगर उलट्या बाजूने दिसतो. थळच्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, मला सांगितलं होतं की जीपीएस नव्हता तेव्हा डोंगराच्या खुणेवर जाळी टाकायचे, डोंगराचं टोक किनाऱ्यावरच्या अमुक झाडाच्या रेषेत आलं की होडी कुठे आहे ते कळायचं. देवदर्शनाला आयुष्यात एकदाच गेलो, म्हणाले, पण देवाचा डोंगर रोज बघितला.

माझे आजोबा अलिबागजवळच्या गावातून इस्रायलला आले. आमचं आडनाव गावावरूनच आहे. पुढच्या वर्षी नातवंडांना घेऊन यायचंय. कनकेश्वर आमच्या वारशात बसतो का? मराठी चुकली तर माफ करा. – लोद, इस्रायल

तुमची मराठी अजिबात चुकलेली नाही, आणि पत्र वाचून मी किती वेळ नुसती बसून राहिले. बसतो म्हणजे काय, बसतोच.

कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे तुमच्या बेने इस्रायल समाजात जी आठवण सांगतात, की पूर्वज जहाजातून येत होते, नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच किनाऱ्यावर पुरलं, तो नवगावचा किनारा या डोंगरापासून फार लांब नाही. दर्यातून येणाऱ्याला या पट्ट्यात जी उंच जमीन दिसते त्यात हा डोंगर आहेच. त्या माणसांनी वर मान करून काय बघितलं असेल हे मी सांगू शकत नाही, पण डोंगर इथेच होता एवढं नक्की. नवगावला स्मशानभूमी आणि स्मारक आहे, तिथे आधी जा.

नातवंडांना सांगा की त्यांचे खापरपणजोबा तेलाचा घाणा चालवत असतील आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली नाव दिलं. किहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, अशी आडनावं गावाने दिली आणि ती तुम्ही अश्दोद-लोदपर्यंत नेलीत. तुमच्याकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिक निघतं हे इकडे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

आता टप्प्याची गोष्ट. मी वर डोंबिवलीच्या ताईंना नागोबाचा टप्पा, जांभळीचा टप्पा सांगितले ना, तसा तुमचाही एक टप्पा आहे. अलिबाग-पेण रस्त्यावर खंडाळे गाव लागतं, तिथे एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे ज्यूंच्या एलियाहू प्रेषिताचा टप्पा आहे. खडकावर चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा आहेत, एलियाहू नबी रथातून स्वर्गाला गेले त्या या खुणा अशी श्रद्धा. तू बिश्वातच्या, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला लोक तिथे जातात, मलिदा करतात, पोहे, खोबरं, साखर आणि फळं. गावातले बाकीचे लोकही त्या जागेला टप्पाच म्हणतात आणि आदराने वागतात. शंकराच्या डोंगरावर टप्पा आणि नबीच्या खडकालाही टप्पा. शब्द एकच.

अलिबाग गावात इस्रायल आळी आहे, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. आता घरं थोडीच उरलीत. १९४८ नंतर हळूहळू बहुतेक सगळे गेले. माझ्या आजीच्या ओळखीची एक बाई जाताना पाटा-वरवंटा आजीला देऊन गेली, म्हणाली तिकडे नेता येत नाही, तू वाट. आजी मरेपर्यंत त्यावरच वाटायची आणि वरवंट्याचं नाव त्या बाईच्या नावानेच घ्यायची. या तुम्ही, नातवंडांना घेऊन. कनकेश्वर चढवत नसेल तर पायथ्याशी चहा घेऊ.

पांढरा कांदा खरा कसा ओळखायचा? रस्त्यावर सगळेच अलिबागचा म्हणून विकतात. – नवी मुंबई

थोडक्यात सांगते. मोसम बघा, भाताच्या कापणीनंतर ही लागवड होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कांदा निघतो, त्यामुळे भर पावसाळ्यात कोणी ताजा अलिबागी कांदा म्हणून देत असेल तर घेऊ नका. दुसरं, माळ बघा. आमच्याकडे सुट्टा कांदा विकत नाहीत, पातीसकट वाळवून बायका त्याची वेणी घालतात. ओट्यावर बसून, एक पाय पसरून, पातीचे तीन पेड, प्रत्येक वळणाला एक कांदा आत घ्यायचा आणि अंगठ्याने दाबायचा, सैल राहिली तर माळ टांगल्यावर सुटते. कार्ले, खंडाळे, सागाव, नेहुली, वाढाव या गावांत हे बघायला मिळेल. चव तिखट नाही, गोडसर, कच्चा खाल्ला तरी डोळ्यात पाणी नाही. २०२२ ला भौगोलिक मानांकन मिळालंय. भाव जरा जास्त असतो पण त्या वेणीची मजुरी त्यातच आहे, तेव्हा घासाघीस करू नका ही हात जोडून विनंती.

थंडीत येत असाल तर कोणाकडे तरी पोपटीचं आमंत्रण मिळवा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, आवडत असेल तर मसाला लावलेली कोंबडी, तोंडालाही पालाच कोंबायचा, मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवायचा. पाणी एक थेंब नाही. मडक्यावर पाण्याचा शिडकावा मारला आणि चर्र झालं की झाली पोपटी.

मी मूळचा याच भागातला, आता मुंबईत. वर गाडी जाईल असा रस्ता का करत नाहीत? म्हाताऱ्या माणसांनी दर्शन घ्यायचंच नाही का? आणि वर देवळासमोरच्या तळ्यात उन्हाळ्यातही पाणी असतं ते कुठून येतं? – परळ

दादा, तुमचा पहिला प्रश्न रागाचा आहे आणि दुसरा कुतूहलाचा, पण दोन्हीचं उत्तर एकच आहे म्हणून एकत्र देते.

हा सगळा डोंगर लाव्हाच्या थरांचा, काळा बसाल्ट. एकावर एक थर आणि काही थर भेगाळलेले, सच्छिद्र, त्यांच्यामध्ये घट्ट थर. पाऊस वरून मुरतो, घट्ट थरावर अडतो आणि जिथे वाट मिळेल तिथे झऱ्यासारखा बाहेर येतो. पण मुरायला वेळ मिळाला पाहिजे. तो वेळ झाडी देते. खाली सडलेल्या पानांचा जाड थर असतो ना, हाताने उकरून बघा, वरचं पान करकरीत कोरडं आणि दोन बोटं खाली ओलसर, काळं, मऊ, पावसाळा संपून तीन महिने झाले तरी. हाच डोंगराचा स्पंज. घाटरस्ता करायचा म्हणजे उतार कापायचा, भेगाळलेले थर उघडे पाडायचे, पाणी सरळ गटाराने खाली. मग वर गाडी जाईल पण तळं कोरडं पडायची भीती, आणि पायथ्याच्या विहिरींचं काय. जुन्या लोकांनी वरची झाडी देवाची म्हणून राखली, त्यात श्रद्धा होती तशी अक्कलही होती.

म्हाताऱ्या माणसांबद्दल तुमचं म्हणणं मला मनापासून पटतं, त्यांना दर्शन मिळालंच पाहिजे. त्यासाठी डोलीची नीट व्यवस्था हवी, ठरलेला दर हवा, टप्प्यांवर बसायला सावली आणि प्यायला पाणी हवं, निखळलेल्या पायऱ्या त्याच दगडात बसवायला हव्यात, सिमेंट थापून नाही, कारण सिमेंटवर शेवाळं धरलं की माणूस हमखास घसरतो, मी स्वतः श्रावणात अशाच दुरुस्त केलेल्या पायरीवर आपटलेय आणि मनगट दोन महिने बांधून होतं. या सगळ्याला रस्त्याच्या खर्चाचा कोपराही लागणार नाही.

आणि रस्ता आला की काय होतं ते किनाऱ्यावर बघतोच आहोत आपण. जुन्या पाखाड्या, विहिरीवर जायच्या वाटा, गुरांच्या वाटा, एकेक करून कुंपणांच्या आत गेल्या. जमीन ज्याची त्याने विकली, त्यात कोणाला दोष देऊ, पोरांची शिक्षणं होती, आजारपणं होती. पण वाट सगळ्यांची होती ना. माझ्या आजोळहून कनकेश्वरच्या पायथ्याला जायची एक आतली वाट होती, दोन शेतांच्या बांधावरून, एक ओढा ओलांडून, दहा मिनिटांची. आता तिथे फाटक आहे आणि वळसा घालून अर्धा तास लागतो. म्हणून ही एक वाट तरी, १७६४ ची, जशी आहे तशी राहू द्या एवढंच मागणं.

त्रिपुरी पौर्णिमेला या दादा, जत्रा असते. कार्तिकात इकडे जत्रांची रांगच लागते, वरसोलीची विठोबाची, आवासची नागोबाची, कनकेश्वरची, आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला चौलच्या दत्ताच्या डोंगरावरची. संध्याकाळी चढा, टॉर्च न्या. पुष्करणीच्या काठावर पणत्या लागलेल्या असतात, पाण्यात त्यांची सावली हलत असते, आणि खाली अंधारात बघितलंत तर खांदेरीचा दिवा दिसतो, लुकलुकून थांबणारा. आईला, बायकोमुलांना घेऊन या, आणि निघायच्या आदल्या दिवशी मला कळवा, पालेश्वराजवळ भेटू.